मृत्पात्रे व मृत्तिकादीप यांचा संग्रह

विसाव्या शतकाच्या मध्यास, स्थूलमानाने १९३५ ते १९७० या काळात, चाकावर किंवा साच्यात घडविलेली मृत्पात्रे, चिनी मातीच्या गृहोपयोगी वस्तू आणि माती वा चिनी मातीची बैठक असलेले दिवे हेतुपुरस्सर जमवून त्यांची नोंद, जतन व अभ्यास करण्याचा व्यासंग. पश्चिमी देशांत या काळातील वस्तूंना ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ ही संज्ञा कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ मधील याच शीर्षकाच्या ग्रंथानंतर रूढ झाली. तेथील संग्राहकाचा भर मुख्यत्वे रचनाकाराच्या स्वाक्षरीवर व कारखान्याच्या मुद्रेवर असतो. महाराष्ट्रात या काळातील मृत्तिकावस्तूंचे स्वरूप वेगळे आहे. लोणच्याची बरणी, कपबशी, विजेच्या जोडणीतील चिनी मातीचे भाग, कुंभाराची पणती अशा नित्याच्या वापरातील वस्तूंचे प्रमाण येथे मोठे असून त्यांपैकी पुष्कळांवर कर्त्याचे नाव नसते. त्यामुळे वस्तू कोठून, कोणत्या घरातून व कोणत्या वापरातून आली, ही माहितीच तिची ओळख ठरते. ती नोंदली गेली नाही, तर वस्तू टिकूनही तिचा इतिहास नष्ट होतो. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या उदाहरणावरून हे चांगले स्पष्ट होते. मुंबईला जलविद्युत् पुरविणारी दोन केंद्रे याच तालुक्यांत असून तेल, रॉकेल व वीज या तिन्ही प्रकारच्या दिव्यांचा वापर येथे दीर्घकाळ शेजारी शेजारी चालू होता.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपातील मृत्पात्रे कारखान्यांत प्रचंड संख्येने तयार होऊ लागली व त्यांच्यावरील अलंकरण बव्हंशी छापील झाले. याची प्रतिक्रिया म्हणून हाताने घडविलेल्या पात्राचे मूल्य पुन्हा प्रस्थापित करण्याची चळवळ उभी राहिली. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्‌ज येथे बर्नर्ड लीच व जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० मध्ये कार्यशाळा स्थापन केली. लीच यांचा कुंभारकामावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या कुंभारांना तो मार्गदर्शक ठरला. दुसऱ्या बाजूस, कारखान्यातील उत्पादनच साधे, सुबक व स्वस्त असावे, असा विचार मांडणारे रचनाकार पुढे आले. अमेरिकेत रसेल राइट यांचा ‘अमेरिकन मॉडर्न’ हा भोजनसंच १९३९ मध्ये विक्रीस आला. फिनलंडमध्ये काय फ्रांक यांनी ‘किल्टा’ हा संच आराबिया कारखान्यासाठी १९५३ मध्ये सिद्ध केला. स्वीडनमधील गुस्ताव्हस्‌बर्ग कारखान्यात स्टिग लिंडबर्ग यांचे, तर इटलीत फ्लॉरेन्सजवळील बितोसी कारखान्यात आल्दो लोंदी यांचे काम प्रसिद्धीस आले.

विजेच्या मेजदिव्याचा प्रसार याच काळात झाला. तेलाच्या दिव्यात इंधनाचा साठा, वात व काच यांच्या गरजेनुसार आकार ठरत असे. विजेच्या दिव्यात बैठकीला केवळ तार आत घेणे व दिवा स्थिर ठेवणे एवढेच काम उरले. त्यामुळे बैठकीचा आकार मोकळा झाला आणि जड, न जळणारी व विद्युत्‌रोधक अशी भाजलेली माती त्यासाठी सोयीची ठरली. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात जेन व गॉर्डन मार्ट्‌झ या दांपत्याने मार्शल स्टुडिओजसाठी केलेले स्टोनवेअरचे दिवे या प्रकारचे प्रातिनिधिक मानले जातात. त्यांच्या बैठकीवर ओल्या मातीतच कोरलेली स्वाक्षरी आढळते. पश्चिम जर्मनीतील १९६० नंतरच्या खडबडीत, लाव्हारसासारख्या झिलईच्या फुलदाण्या व दिवेही आज आवडीने जमविले जातात.

भारत व महाराष्ट्र : आधुनिक अर्थाने कलात्मक मृत्पात्रीचा पश्चिम भारतातील प्रारंभ मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत झाला. ही संस्था १८५७ मध्ये स्थापन झाली. तेथील अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० नंतर मृत्पात्रीचे काम सुरू करून सिंधमधील झिलईच्या परंपरेचा त्यात उपयोग केला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेले आकृतिबंधही या पात्रांवर आढळतात. ‘बाँबे पॉटरी’ या नावाने हे काम परदेशी प्रदर्शनांतून गाजले. त्याचे नमुने मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहावयास मिळतात. कलाशाळेत १९१० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाने प्रयोगशाळा उभारण्यात आल्या व हस्तव्यवसायांच्या प्रगत अभ्यासासाठी तेथे प्रथम मृत्पात्रीचीच निवड करण्यात आली.

कारखानदारीच्या क्षेत्रात मराठी उद्योजकाचा ठसा महाराष्ट्राबाहेर, सौराष्ट्रात उमटला. परशुराम गणपुले यांनी १९१३ च्या सुमारास थानगढ येथे मृत्पात्रांचा कारखाना काढला. परशुराम पॉटरी वर्क्स या नावाने तो ओळखला जाई. त्याचा विस्तार पुढे मोरबीपर्यंत झाला. आज देशातील मृत्तिका उद्योगाचे प्रमुख केंद्र असलेल्या थानगढ–मोरबी पट्ट्याच्या वाढीत या कारखान्याचा वाटा मोठा आहे. दिव्यांच्या बाबतीत महाराष्ट्रातील दोन काचकारखाने महत्त्वाचे होत. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाच्या वर्गणीतून काच कारखाना सुरू झाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काढलेल्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला आणि ओगलेवाडी हे गावच त्यांच्या नावाने वसले.

स्वातंत्र्योत्तर काळात हस्तव्यवसायांना शासनाचा आश्रय मिळाला. अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ १९५२ मध्ये, तर खादी व ग्रामोद्योग आयोग १९५७ मध्ये स्थापन झाला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे ग्रामीण कुंभारांच्या प्रशिक्षणासाठी केंद्रीय संस्था निघाली. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने ग्रामोदय संघाने झिलईदार मृत्पात्रांचे काम वाढविले. दिल्लीत सरदार गुरुचरण सिंग (१८९८–१९९५) यांनी १९५२ मध्ये ‘दिल्ली ब्लू’ कार्यशाळा काढली. जपानमध्ये शिकलेले गुरुचरण सिंग हे भारतीय स्टुडिओ मृत्पात्रीचे जनक मानले जातात. पुण्यात वास्तव्य केलेल्या निर्मला पटवर्धन यांनी झिलईच्या रसायनावर दीर्घ प्रयोग केले. कुंभारकामावरील त्यांची मार्गदर्शिका १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. चार्ल्‌स व रे ईम्झ या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात भारतीय लोट्याचा आदर्श वस्तू म्हणून गौरव केला. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उदयास आली.

परदेशी वस्तूंची आवक मात्र याच काळात आटली. परकीय चलनाच्या १९५६–५७ मधील टंचाईनंतर उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे यूरोप–अमेरिकेत विपुल असलेले या काळातील रचनाकारांचे दिवे व पात्रे महाराष्ट्रात विरळाच आढळतात. जी आढळतात ती बहुधा परदेशातून परतलेली कुटुंबे, बोटीवरील कर्मचारी किंवा परदेशी कंपन्यांतील अधिकारी यांच्यामार्फत आलेली असतात. याउलट १९३० नंतरच्या दशकात जपानमधून आलेल्या स्वस्त कपबश्या व चहाचे संच जुन्या घरांतून अद्याप मिळतात.

कर्जत–खालापूर परिसर : सह्याद्रीच्या पायथ्याशी, बोरघाटाच्या तोंडाशी वसलेला हा प्रदेश दळणवळणामुळे लवकर मुंबईशी जोडला गेला. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर कर्जतला महत्त्व आले. कर्जत तालुक्यातील माथेरान हे थंड हवेचे ठिकाण ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये प्रकाशात आणले. नेरळ–माथेरान हा अरुंदमापी लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या पारशी, बोहरा, गुजराती इ. धनिक कुटुंबांनी माथेरान येथे बंगले बांधले आणि मुंबईच्या घरांतील जुने झालेले सामान तेथे जाऊन स्थिरावले. गावात मोटारींना मज्जाव असल्याने नाजूक सामान हमालांच्या डोक्यावरून किंवा घोड्यावरून न्यावे लागे. अशा रीतीने पोहोचलेली वस्तू सहसा परत खाली येत नसे.

दिव्यांच्या इतिहासात या परिसराला विशेष स्थान आहे. टाटा जलविद्युत् कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळ्याजवळील वळवण येथे धरणाची कोनशिला १९११ मध्ये सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसविण्यात आली. कलाशाळेतील मृत्पात्रीच्या प्रयोगशाळांना ज्यांचे नाव मिळाले तेच हे गव्हर्नर. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून कोकणात उतरवून खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील केंद्र १९२२ मध्ये कार्यान्वित झाले. कल्याण–पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत पूर्ण झाले. उच्च दाबाच्या या वाहिन्या ज्यांच्या आधाराने खांबांवरून जातात ते विद्युत्‌रोधक चिनी मातीचे असत. त्यामुळे या परिसरात सर्वप्रथम मोठ्या संख्येने आलेली औद्योगिक मृत्तिकावस्तू ही जेवणाघरातील नसून विजेच्या खांबावरील होती, असे म्हणता येते.

येथील वीज प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळाली. तारा ज्या शेतांवरून व ठाकर–कातकऱ्यांच्या वाड्यांवरून गेल्या, तेथे मात्र दीर्घकाळ तेलाचा व रॉकेलचाच दिवा जळत होता. ग्रामीण विद्युतीकरणाला गती आली ती महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या १९६० मधील स्थापनेनंतर. परिणामी १९५० च्या सुमारास या दोन तालुक्यांत दिव्यांचे तीन थर एकाच वेळी आढळत. देवघरात व तुळशीपुढे कुंभाराची पणती किंवा पितळी निरांजन. ओटीवर कंदील व स्वयंपाकघरात पत्र्याची चिमणी. आणि रेल्वेच्या वसाहती, वीजकेंद्रांची निवासस्थाने व माथेरानचे बंगले येथे विजेचा दिवा. एका थराने दुसऱ्याची जागा ताबडतोब घेतली नाही. वीज आल्यावरही ती गेल्यास हाताशी असावा म्हणून कंदील खुंटीवर राहिला आणि धार्मिक विधीत पणती आजतागायत टिकून आहे. या सहवासाचा पुरावा एकाच घरातील वस्तू एकत्र ठेवल्यासच मिळतो. कंदील एका संग्राहकाकडे, बरणी दुसऱ्याकडे व विजेचे साहित्य भंगारात गेले की तो नाहीसा होतो.

संग्राह्य वस्तू : महाराष्ट्रातील संग्राहकाच्या दृष्टीने या काळातील वस्तूंचे पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

(१) बरण्या : लोणची, मीठ, चिंच, तूप इ. साठविण्याच्या स्टोनवेअरच्या बरण्या हा महाराष्ट्रातील या काळाचा सर्वांत प्रातिनिधिक प्रकार होय. वरचा भाग तपकिरी व खालचा पांढरट अशी दुरंगी झिलई, रुंद तोंड व बसते झाकण ही तिची सर्वपरिचित लक्षणे. आम्ल व मीठ यांचा परिणाम न होणारे पात्र, ही गरज तिच्या आकारामागे आहे. झाकणावर फडके बांधण्यासाठी गळ्याला ठेवलेली खाच हा त्याच गरजेचा भाग. बरणी सासरी येणाऱ्या मुलीबरोबर किंवा विभक्त होणाऱ्या भावांच्या वाटणीतून एका घरातून दुसऱ्या घरात जात असल्याने तिचा प्रवास कुटुंबाच्या इतिहासाशी निगडित असतो.

(२) कपबश्या व चहाचे साहित्य : चहाचा प्रसार झाल्यावर चिनी मातीचा कप ही सर्व थरांतील गरज बनली. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील जाड काठाचे कप, रेल्वे उपाहारगृहांचे मुद्रांकित संच व घरगुती फुलांच्या नक्षीचे संच हे यातील प्रमुख उपप्रकार. जाड काठ हा केवळ स्वस्ताईचा भाग नव्हे. सतत धुतल्या जाणाऱ्या कपाचा टवका उडू नये व चहा लवकर निवू नये, यासाठी तो आवश्यक होता.

(३) विजेचे साहित्य : चिनी मातीचे फ्यूज, तारा भिंतीवर धरणारे गट्टू, छताच्या जोडण्या, दिव्याचे होल्डर व खांबांवरील विद्युत्‌रोधक यांचा या प्रकारात समावेश होतो. घरांची वायरिंग बदलताना हे साहित्य टाकून दिले जात असल्याने एकेकाळी विपुल असूनही ते झपाट्याने दुर्मिळ होत आहे.

(४) मेजदिवे : माथेरानसारख्या ठिकाणी व शहरांतील सुखवस्तू घरांत चिनी मातीच्या बैठकीचे मेजदिवे वापरात होते. फुलदाणीत तार बसवून स्थानिक कारागिरांकडून तयार करून घेतलेले दिवेही यात मोडतात.

(५) कुंभारकाम : पणत्या, संक्रांतीची सुगडे, बोळकी, परळ, रांजण इ. वस्तू आव्यात कमी तापमानास भाजल्या जात व वापरून टाकून दिल्या जात. त्यांवर झिलई किंवा मुद्रा नसते. त्यामुळे संख्येने सर्वाधिक असूनही संग्रहांत त्या सर्वांत कमी आढळतात.

पारख व कालनिश्चिती : वस्तूचा प्रकार प्रथम तिच्या भाजणीवरून ठरतो. कुंभाराचे पात्र सच्छिद्र असून टिचकी मारल्यास मंद आवाज देते. स्टोनवेअर सुमारे १,२००° से. वा अधिक तापमानास भाजलेले, घट्ट व अपारदर्शक असते. पोर्सलिन त्याहून उच्च तापमानाचे असून त्याचा पातळ भाग प्रकाशासमोर धरल्यास अंशतः पारदर्शक दिसतो. अखंड पात्राचा आवाज खणखणीत, तर तडा गेलेल्याचा बद्द येतो. चाकावर घडविलेल्या पात्राच्या आतील बाजूस बोटांच्या वर्तुळाकार खुणा असतात. साच्यातील पात्रावर जोडाची उभी रेघ, निदान बोटांना, जाणवते.

काळ ठरविण्यास मुद्रा उपयोगी पडते. ‘ऑक्युपाइड जपान’ असा उल्लेख असलेली वस्तू १९४५ ते १९५२ या कालखंडातील असते. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख १९४९ ते १९९० या काळात संभवतो. भारतीय वस्तूंसाठी शासकीय बदलांच्या तारखा हाच विश्वासार्ह आधार होय. किमतीच्या चिठ्ठीवर आणे लिहिलेले असल्यास ती सर्वसाधारणपणे दशमान नाण्यांच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या, पूर्वीची समजावी. बरणीवर शेर वा पौंड हे माप असल्यास ती मेट्रिक पद्धतीच्या सक्तीपूर्वीची, म्हणजे बहुधा १९६० च्या आगेमागेची किंवा त्याआधीची असते. भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणन चिन्हाचा कायदा १९५२ चा असल्याने असे चिन्ह असलेले विजेचे साहित्य त्यानंतरचेच असणार. दुकानाच्या वा कारखान्याच्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास तो छाप १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा होय. कर्जत वा खालापूर येथील दुकानदाराच्या चिठ्ठीवर ‘जिल्हा कुलाबा’ असल्यास ती साधारणतः १९८१ पूर्वीची. कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. छापील साठा संपेपर्यंत जुनी माहिती चालू राहत असल्याने अशा प्रत्येक खुणेस काही वर्षांची सूट द्यावी लागते.

मेजदिव्याच्या बाबतीत तार जाण्याचे भोक विशेष तपासावे लागते. दिवा म्हणूनच घडविलेल्या बैठकीत हे भोक भाजण्यापूर्वी पाडलेले असल्याने त्याची कड गोलसर असून झिलई कडेवर ओघळलेली दिसते. फुलदाणीला मागाहून पाडलेल्या भोकाची कड तीक्ष्ण व कोरी असून आतील मातीचा रंग उघडा पडलेला असतो. होल्डरचा प्रकारही उद्गम सुचवितो. ब्रिटिश प्रथेनुसार भारतात दोन पिनांच्या खाचेचा होल्डर रूढ झाला, तर अमेरिका व यूरोप खंडात आट्यांचा होल्डर प्रचलित होता. मात्र होल्डर सहज बदलता येत असल्याने केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये. चिकटवून दुरुस्त केलेले पात्र अतिनील प्रकाशात पाहिल्यास जोडातील कृत्रिम रेझीन निराळ्या रंगाने चमकते.

जतन : भाजलेली माती कुजत नाही वा गंजत नाही, परंतु तिच्या सोबतचे इतर पदार्थ नाश पावतात. कर्जत–खालापूरसारख्या अतिपावसाच्या प्रदेशात दिव्याचे लोखंडी भाग पावसाळ्यात गंजतात व गंजाचे डाग झिलईच्या सूक्ष्म भेगांतून आत उतरतात. बैठकीखालील लोकरी नमद्याला बुरशी येते. लोणच्याच्या बरणीत मुरलेले मीठ हवेतील ओलाव्याने विरघळून पुन्हा स्फटिकरूप होते. त्या दाबाने झिलईचे पापुद्रे सुटतात. अशी बरणी साध्या पाण्यात, पाणी वारंवार बदलून, बरेच दिवस ठेवल्यास मीठ निघून जाते. झिलईवरील सोनेरी रेघा व रंगीत नक्षी घासल्यास जातात. म्हणून राख, चिंच वा तीव्र क्षार यांचा वापर टाळावा लागतो.

जुन्या दिव्यांची तार ही स्वतंत्र समस्या आहे. या काळातील तारेवर रबराचे आवरण व त्यावर सुती विणकाम असे. रबर काळाने ठिसूळ होऊन झडते व दिवा लावल्यास विजेचा धक्का बसण्याचा वा आग लागण्याचा संभव असतो. अमेरिकेतून आलेले दिवे तेथील सु. १२० व्होल्ट दाबासाठी जोडलेले असतात. अशी तार बदलणे आवश्यक असले, तरी काढलेली तार, होल्डर व खिळे वेष्टनात बांधून वस्तूबरोबर ठेवण्याची पद्धत संग्रहालयांत पाळली जाते. कारण काळ ठरविण्यास तेच पुढे उपयोगी पडतात. जुन्या झिलईत शिशाचा अंश असू शकतो. काही परदेशी नारिंगी–तांबड्या झिलयांत युरेनियमची संयुगे वापरलेली होती. अमेरिकेतील ‘फिएस्टा’ संचाची तांबडी पात्रे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशी पात्रे पाहण्यासाठी ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्यांत अन्न, विशेषतः आंबट पदार्थ, ठेवू नयेत.

संग्राहक, संग्रहालये व कायदा : गृहोपयोगी वस्तूंना इतिहासाचे साधन मानून त्या पद्धतशीर जमविण्याचा महाराष्ट्रातील आद्य व सर्वश्रेष्ठ प्रयत्न पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा होय. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला. दिवंगत पुत्र राजा याच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेले संग्रहालय १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांच्या संग्रहातील दिव्यांचे दालन विख्यात आहे. भारतीय दिव्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी जमविलेले दिवे बहुतांशी धातूचे व विद्युत्‌पूर्व काळातील आहेत. ते संग्रह करीत होते त्या वेळी विसाव्या शतकाच्या मध्यातील वस्तू नव्याच होत्या व त्यांना कोणी इतिहास मानीत नव्हते. आज त्या वस्तू ज्या अवस्थेत आहेत त्याच अवस्थेत १९२० मध्ये समया, लामणदिवे व अडकित्ते होते. वापरातून निघालेले, मोडीत जाऊ लागलेले, पण त्यांच्याविषयी सांगू शकणारी माणसे हयात असलेले.

वस्तू मिळण्याची ठिकाणे म्हणून मुंबईचा चोरबाजार व पुण्याचा जुना बाजार प्रसिद्ध आहेत. अलीकडील दशकांत कर्जत व खालापूर तालुक्यांत शेतघरे व पर्यटकांची निवासस्थाने मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. त्यांच्या सजावटीसाठी जुन्या बरण्या, कंदील व कपाटे यांना मागणी आली. मागणीमुळे वस्तू भंगारातून वाचल्या, हा तिचा लाभ. तथापि व्यापाऱ्याच्या हाती गेलेली वस्तू मूळ घराच्या नावाविना विकली जाते. बरणीला यंत्राने भोक पाडून तिचा विजेचा दिवा करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. अशा दिव्याला सजावटीचे मूल्य असले, तरी बरणी म्हणून तिचा पुरावा कायमचा दूषित होतो. भोक न पाडता झाकणाच्या जागी वेगळा लाकडी वा धातूचा भाग बसवून तार बाहेरून नेल्यास दोन्ही हेतू साधतात.

या वस्तूंना कायद्याचे संरक्षण नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला व १९७६ मध्ये अंमलात आला. त्यानुसार सर्वसाधारण वस्तूस पुरावस्तू ठरण्यासाठी किमान १०० वर्षे अस्तित्वात असावे लागते. या कसोटीने टेरी यांच्या काळातील मुंबईची मृत्पात्रे पुरावस्तू ठरतात. खोपोलीच्या १९१५ मधील विद्युत्‌रोधकाने ही मर्यादा २०१५ मध्ये ओलांडली. परंतु १९५० मधील बरणी किंवा मेजदिवा २०५० पर्यंत त्या व्याख्येत बसू शकत नाही. नित्याच्या वापरातील ठिसूळ वस्तूच्या दृष्टीने हा काळ फार दीर्घ आहे. मधल्या काळात तिचे रक्षण खाजगी संग्राहक, शाळा, ग्रंथालये व स्थानिक संस्था यांच्यावरच अवलंबून राहते.

अशा संग्रहासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नसते. प्रत्येक वस्तूस क्रमांक देणे, तळाच्या मुद्रेसह तिचे छायाचित्र घेणे, उंची व व्यास मोजणे आणि ती कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या घरातून, केव्हा व कशी मिळाली हे वहीत लिहून ठेवणे एवढी किमान शिस्त पुरेशी ठरते. क्रमांक वस्तूवर कोरू नये. तळाशी लाखेचा पातळ थर देऊन त्यावर शाईने लिहावा, म्हणजे तो पुसता येतो. वापरणाऱ्या व्यक्तीने त्या वस्तूस दिलेले नाव तिच्याच शब्दांत नोंदणे विशेष मोलाचे असते; कारण पात्रांची व दिव्यांची स्थानिक नावे वस्तूंपेक्षाही लवकर लोप पावतात. मुद्रा नसलेल्या पणतीला किंवा बरणीला इतिहासात स्थान मिळते ते अशा नोंदीमुळेच. नोंद नसलेला मौल्यवान संग्रह हा अभ्यासकाच्या दृष्टीने केवळ साठा ठरतो आणि नोंद असलेल्या दहा सामान्य वस्तूंवरूनही एका गावाच्या प्रकाशाचा व स्वयंपाकघराचा इतिहास लिहिता येतो.